भिंतीला रंग नको, ताई

देवणी, जि. लातूर

ती. सौ. ताईस,


दाजींनी पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. पलंगामागच्या भिंतीवर फरशीपासून हातभर उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके, पुट्टीचे पोपडे, आणि मधूनच बिल्डरनं मारून दिलेल्या रंगाची कड. "परत रंग मारून देतो म्हणतोय, मारू देऊ का?" असं तू विचारलंस. फोनवर मी नुसतं नको म्हणालो. का नको ते नीट लिहितो. दाजींनाही वाचायला दे.

बुरशीचा जीव ओलीत असतो. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. तुझ्या घरात, माझ्या घरात, आमच्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तर विचारूच नको. ओल मिळाली की ती धरते, ओल तुटली की वाढ थांबते. रंगानं ओल तुटत नाही, झाकली जाते. म्हणून तुझी भिंत दरवेळी गोरी होते आणि पुन्हा काळी पडते. दरम्यान बिल्डरला सांगायला मिळतं की तक्रार आली, आम्ही काम करून दिलं. पुरावा त्याच्याच ब्रशानं पुसला जातो आणि तुझी तक्रारीची मुदत सरत राहते. माझ्या मते हा फुकटचा रंग तुला सगळ्यात महाग पडणार आहे.

आता ओल येते कुठून? एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच हे तुझं लातूर. तिथली भिंत भर मे महिन्यात ओली राहते, म्हणजे ते पाणी आभाळातलं नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर डाग आला असता तर गिलाव्याच्या भेगांवर संशय घेतला असता. छताच्या कोपऱ्यात असता तर वरच्या मजल्यावर. तुझा डाग खालून वर चढतोय, बारमाही आहे आणि त्या भिंतीच्या पलीकडं बाथरूम आहे. बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग कच्चं आहे, नाहीतर नहाणी ट्रॅपचा सांधा गळतोय, असा माझा कयास. पण कयासावर केस उभी राहत नाही, म्हणून आधी दोन तपासण्या करून घे.

फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटव आणि दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतल्या हवेची वाफ आहे. मग खिडक्या उघडत जा, ओले कपडे आत वाळवू नकोस, आणि बिल्डरशी भांडायचं कारण नाही. ही शक्यता प्रामाणिकपणे तपासायलाच हवी, कारण तो पहिल्यांदा हेच म्हणणार: "तुम्ही खिडक्याच उघडत नाही." दुसरी तपासणी प्लंबरकडून: बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं तोंड बुजवून रंगीत पाणी दिवसभर साठवायचं आणि पलीकडं तो रंग उतरतो का ते पाहायचं. प्लंबरकडून तारखेसह, सहीनिशी चार ओळी लिहून घे. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरचा अहवाल मिळाला तर सोन्याहून पिवळं.

एक सूचना दाजींसाठी. बाथरूमच्या टाइल्स स्वतःच बदलून टाकतो असं ते म्हणत होते, त्यांना थांबव. घर घेणाऱ्यानं बाथरूम, नळ, पाइप यांत फेरफार केला आणि त्यातून गळती झाली तर बिल्डरची जबाबदारी संपते, असं कलम बऱ्याच करारनाम्यांत असतं. एक टाइल उचकटलीत तरी तो ते पान काढून दाखवील.

आता हक्काचं. रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम १४ चं तिसरं पोटकलम तुझ्यासाठीच लिहिलंय असं समज. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्यानं तो ३० दिवसांत एक पैसाही न घेता दूर करायचा. नाही केला तर तू नुकसानभरपाईला पात्र. लोक "पाच वर्षांची गॅरंटी फक्त पिलर-स्लॅबची" म्हणतात ते खरं नाही. कारागिरी आणि दर्जा हे शब्द कायद्यातच आहेत, आणि कच्चं वॉटरप्रूफिंग ही कारागिरीच. दोष दूर करायचा असंही तिथं म्हटलंय. दोष झाकून चालेल असं कुठंही म्हटलेलं नाही. डाग त्याच जागी परत आला, याचा सरळ अर्थ दोष दूर झालेला नाही. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच राहील.

हे झालं तुझं; तुझ्या मैत्रिणीच्या छोट्या इमारतीचं वेगळं आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर रेराची नोंदणी लागतच नाही, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतल्या बहुतेक इमारती त्याच मापाच्या. तिला १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा आहे, त्यात दोष दाखवायला ताब्यापासून तीन वर्षं मिळतात. आणि ग्राहक आयोग तर सगळ्यांनाच आहे.

ग्राहक आयोगावरून आठवलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या अख्ख्या मुलखानं दगडमातीच्या भिंती आणि माळवदांचा धसका घेतला. जो तो सिमेंटकडं वळला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की घर बांधून देणं ही सेवा आहे आणि त्यातली त्रुटी ग्राहक न्यायालयात नेता येते. आपण सिमेंटचं घर घ्यायला लागलो आणि त्या घराबद्दल जाब विचारायचा हक्कही त्याच साली पक्का झाला. सिमेंट आपण घेतलं. जाब विचारायचं मात्र अजून जमत नाही.

कारण तू फोनवर सांगितलंसच: "अरे, बिल्डर आपल्याच ओळखीतला, दाजींच्या मित्राचा साडू." मुलांच्या नीटच्या क्लाससाठी उदगीर, देवणी, निलंग्याची माणसं लातूरला फ्लॅट घेतात ती अशीच, ओळखीच्या ओळखीनं. देवणी वळू विकत घेताना आपले लोक दात बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात; फ्लॅट मात्र माहितीपत्रकातला फोटो बघून घेतात. मग काही निघालं की भिडेपोटी गप्प. तुला एवढंच सांगतो की लेखी तक्रार म्हणजे भांडण नव्हे. बिल्डर भला असेल तर कागदानं त्याचं काही बिघडत नाही.

आणखी एक, जरा स्पष्ट लिहितो. व्यवहारातला जो भाग तुम्ही रोखीनं दिला तो कुठल्याही आयोगापुढं दिसणार नाही. भरपाईचा हिशेब खरेदीखतावरच्या आकड्यावर होतो. झालं ते झालं, पण धाकट्या जावेला घर घेताना हे आवर्जून सांग.

तर क्रम असा. आधी नोटीस. फ्लॅटचा तपशील, ताब्याची तारीख, डाग पहिल्यांदा कधी दिसला, रंग किती वेळा मारून दिला, प्लंबरचा निष्कर्ष आणि "कलम १४(३) नुसार ३० दिवसांत कारणासकट दुरुस्ती करा" ही मागणी. स्पीड पोस्टानं, पोच घेऊन, शिवाय ईमेल. आतापर्यंतचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नकोस, तो फोनही विकू नकोस. ते पुरावा म्हणून दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मी बघतो. त्याची माणसं दुरुस्तीला आली तर येऊ दे, अडवलंस तर दोष तुझ्यावर येईल. फक्त नेमकं काय करणार ते आधी लिहून माग, आणि नुसता रंगाचा डबा घेऊन आले तर तसं लिहून परत पाठव.

३० दिवस गेले की दोन वाटा. एक महारेरा, म्हणजे राज्याचं रेरा प्राधिकरण: तक्रार ऑनलाइन, शुल्क ५००० रुपये; भरपाईची रक्कम ठरवायला तिथं वेगळा न्यायनिर्णय अधिकारी असतो. दुसरी लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग: ५० लाखांपर्यंतचा मोबदला असलेले व्यवहार तिथं चालतात, आणि २० ते ५० लाखांच्या पट्ट्यात, म्हणजे तुझ्यासाठी, शुल्क फक्त १००० रुपये. वकील लागतोच असं नाही (हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय). रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद झालेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये इम्पीरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात स्पष्ट केलंय. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडं जायचं नाही. दाजी म्हणतात तसा दिवाणी दावा नको. रेराच्या कक्षेतल्या विषयात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही.

माझं मत ग्राहक आयोगाकडं झुकतं. लातुरातच आहे, सुनावणीला जाणं सोपं, आणि मनस्तापाची भरपाईही मागता येते. पण तिथं मुदत दोनच वर्षांची, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. बिल्डरच्या तोंडी वायद्यांनी ती लांबत नाही. "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" हे वाक्य ऐकत वर्ष काढलेले पक्षकार मी पाहिलेत.

भाच्याच्या खोकल्याबद्दल. ओलसर, बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे त्रास वाढतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. त्याचा पलंग आजच त्या भिंतीपासून हलव. डाग कोरड्या ब्रशानं घासू नकोस, बीजाणू उडतात. मास्क लावून, साबणाच्या ओल्या फडक्यानं, आणि फोटो काढून झाल्यावरच पूस. डॉक्टरांचे कागद जपून ठेव. इंग्लंडमधल्या रॉचडेलला आवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळं गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना त्यावर रंग मारा असं सांगण्यात आलं होतं. २०२३ मध्ये तिथं त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना आता ठरलेल्या मुदतीत ओल-बुरशीची दखल घ्यावी लागते. ती भाड्याची घरं होती, तुझं मालकीचं आहे. पण रंगाचा सल्ला तोच, म्हणून लिहिलं.

इमारतीतल्या इतरांच्या भिंतीही एकदा बघून ये. त्याच रांगेत वरखाली कुणाकडं डाग असेल तर दोष सामाईक पाइपचा असू शकतो, आणि मग चार घरांनी मिळून तक्रार केलेली बरी.

ताबापत्राचा आणि करारनाम्यातल्या दोषदायित्वाच्या पानाचा फोटो आजच पाठव. तारीख कळली की नोटिशीचा मसुदा मी दोन दिवसांत तयार करतो. सही तुझी आणि दाजींची, दोघांची लागेल, कारण खरेदीखत दोघांच्या नावावर आहे.

तुझा,
धाकटा भाऊ