सप्रेम भेट

ग्रंथांच्या गोष्टींत ‘व्यवहार’ हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य किंचित् अंग चोरतो. सरस्वतीच्या देवळांत कोणी तराजू आणून ठेवला असें त्यास वाटतें. मला ह्या संकोचाचें नेहमीं नवल वाटत आलें आहे, कारण मी राहतों तो मुलूख तराजूवरच जगतो. नीरेच्या डाव्या कालव्यावर भिजणारा बारामती-इंदापूरकडील ऊस कारखान्याकडे निघतो तेव्हां त्याची नोंद अगोदर झालेली असते. गाडी वजनकाट्यावर चढते, पावती हातांत पडते, आणि वजनांत थोडा जरी संशय आला तरी शेतकरी काट्यापासून हलत नाहीं. त्याच शेतकऱ्याच्या मुलीनें पुस्तक लिहिलें, तर तें जुळविणारा, तपासणारा, छापणारा आणि वाचणारा ह्यांपैकीं एकाशींही चिठ्ठीभर मजकुराचा करार होत नाहीं. ‘आपलेंच काम आहे, होऊन जाईल’ एवढ्यावर सर्व चालतें. आणि पुष्कळदां तें होऊन जात नाहीं.

गेलीं कांहीं वर्षें लेखकांनीं स्वतःच्या खर्चानें काढलेल्या पुस्तकांची देखरेख मी करीत आलों आहें. बारामतीस बसावयाचें आणि दोन्ही तालुक्यांतून येणारीं हस्तलिखितें छापखान्यापर्यंत नेऊन पोंचवावयाचीं, असा हा लहानसा उद्योग. मोठा प्रकाशक पाठीशीं नसलेलें पुस्तक कसें जगतें व कसें मरतें हें त्यामुळें जवळून पाहावयास मिळालें. पुस्तक वाईट होतें म्हणून मेलें, असें फार थोड्या वेळां दिसलें. बहुधा त्यास मारणारे त्याचे हितचिंतकच निघाले.

लेखकानेंच प्रकाशक व्हावें ही कल्पना कांहीं नवी नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली आणि कित्येक वर्षें ती जवळजवळ एकहातीं लिहून चालविली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनीं ज्ञानकोश काढतांना तर मंडळी स्थापिली, आगाऊ वर्गणीदार मिळविले, पगारी साहाय्यकांचा एक कारखानाच चालविला, आणि पुढें त्या सर्व खटाटोपाचा इतिहास स्वतंत्र पुस्तकरूपानें लिहून ठेवला. विद्येच्या कामांत हिशेब शिरला म्हणून विद्या बाटली, असें त्यांस कधींच वाटलें नाहीं.

परंतु बारामतीकराचें मन पुण्याच्या अगोदर मोरोपंतांकडे जातें. पंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र आमच्या कऱ्हेच्या कांठीं, बाबूजी नाईकांच्या आश्रयास पुराणिक म्हणून गेला. ‘आश्रय’ हा शब्द हल्लीं आपण थोड्या तुच्छतेनें उच्चारतों. त्यांत एक स्पष्टपणा होता हें विसरतों. पुराण सांगणें हें नेमलेलें काम होतें. कोणीं सांगावयाचें, कोणीं ऐकावयाचें, कोणीं पोसावयाचें ह्याविषयीं संदिग्धता नव्हती. छापखाना नसल्यामुळें ग्रंथ पसरावयाचा तर त्यास दुसऱ्याचा कंठ आणि तिसऱ्याचा हात लागे. कंठ मिळाला तो सोलापूरच्या राम जोशांसारख्यांचा. लावणी गाजविणारा हा शाहीर पुढें कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या त्यानें लोकांच्या कानांपर्यंत नेल्या. त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. हाताची कथा कोणी सांगत नाहीं.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकल करणाऱ्याचा एक ठराविक मजकूर पुष्कळदां आढळतो. तो म्हणतो, समोर जसें होतें तसें मीं लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊं नये. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे, तेव्हां यत्नानें सांभाळावें. तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून पोथीस राखावें, आणि मूर्खाच्या हातीं ती देऊं नये. पुढें कित्येक ठिकाणीं शक, तिथि, गांव आणि लिहिणाऱ्याचें नांव. मला हा मजकूर कोणत्याही प्रस्तावनेपेक्षां अधिक आवडतो. आपण काय केलें, आपली जबाबदारी कोठें संपते, श्रम किती पडले, आणि पोथी हातीं घेणाऱ्यानें काय पाळावयाचें, हें सर्व एका अनाम-सनाम कारकुनानें चार ओळींत सांगून टाकलें आहे. हल्लींच्या किती पुस्तकांत अक्षरजुळणी करणारीचें नांव असतें? मुद्रितें कोणीं तपासलीं हें किती ठिकाणीं छापतात? नांव नाहीं म्हणजे श्रेय नाहीं हें तर खरेंच, पण नांव नाहीं म्हणजे जबाबदारीही नाहीं, हें लेखकांच्या ध्यानांत येत नाहीं.

इंदापुरास एक निवृत्त शिक्षक आहेत. भवानीनगर, लासुर्णें, निमगांव केतकी करीत एस.टी.नें मी त्यांच्याकडे मुद्रितें घेऊन जातों. पहिल्या भेटींतच त्यांनीं आपल्या अटी सांगितल्या: पृष्ठास अमुक दर, निम्मी रक्कम आगाऊ, दोन वाचनें, वीस दिवस, लेखकाच्या मतास हात लावणार नाहीं, आणि ज्या पुस्तकाचीं मुद्रितें तपासलीं त्या पुस्तकावर अभिप्राय लिहिणार नाहीं. माझ्याबरोबर एक कवि होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “गुरुजी असून पैसे मागतात!” पुढें केव्हां तरी मीं ही गोष्ट गुरुजींच्या कानांवर घातली. ते हंसले व म्हणाले, “फुकट केलें, आणि चूक राहिली, तर तुम्हांला मला बोलतां येणार नाहीं. तुम्हांला बोलतां यावें म्हणून मी पैसे घेतों.”

व्यवसायनिष्ठेची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाहीं. त्यांचें काम पाहण्यासारखें आहे. एका लेखकानें उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या आपल्या गांवाविषयीं लिहितांना एकाच घटनेस दोन ठिकाणीं दोन निरनिराळीं सालें दिलीं होतीं. गुरुजींस बरोबर साल माहीत होतें. तरीही त्यांनीं समासांत केवळ ‘तपासावें’ एवढेंच लिहिलें. आठवण लेखकाची, ती दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याचाच, असें त्यांचें म्हणणें. दुसरे एक हौशी साहाय्यक माझ्या पाहण्यांत आहेत. त्यांनीं एका ग्रामीण कथेंतील सगळें बोलणें प्रमाण भाषेंत ‘सुधारून’ दिलें, मोबदला घेतला नाहीं, आणि लेखकानें तें पुन्हां मूळपदावर आणलें म्हणून त्याच्याशीं बोलणें टाकलें.

आतां वाचकांकडे वळूं. येथें मला एक प्रसंग थोड्या विस्तारानें सांगितला पाहिजे.

इंदापूर तालुक्यांतील एका स्त्रीनें आपल्या वडिलांविषयीं पुस्तक लिहिलें. वडील कालव्यावर पाटकरी होते. रात्रीं-अपरात्रीं कंदील घेऊन पाण्याच्या पाळ्या सोडणारा हा मनुष्य, शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या भांडणांत उभा राहून घड्याळ दाखविणारा. पुस्तक खरोखर चांगलें होतें. छपाईचा खर्च बाईनीं दुधाच्या पैशांतून दोन वर्षें बाजूस टाकून जमविला. प्रती तीनशें काढावयाच्या ठरल्या. हल्लींच्या रीतीप्रमाणें छापण्यापूर्वीं बारा निवडक वाचकांस पुस्तकाची पीडीएफ पाठविली, आणि महिन्याच्या आंत प्रामाणिक अभिप्राय द्यावा अशी विनंति केली. बाराही जणांनीं आनंदानें होकार दिला.

त्यांतील एका वाचकानें कळविलें कीं शेवटचीं तीन प्रकरणें आधींच्याचीच पुनरुक्ति आहेत. बाई दोन दिवस रागावल्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चाळीस पृष्ठें कापलीं. आणखी तिघांनीं चार ओळी लिहून पाठविल्या. दोघांनीं ‘काय लिहूं तें तुम्हीच सांगा, नांव माझें घाला’ असें कळविलें. पांच जण गप्प राहिले. बाराव्या गृहस्थास पुस्तक फार आवडलें, आणि म्हणून त्यांनीं तें आपल्या व्हॉट्सॲपच्या एका समूहास पाठवून दिलें. आठ दिवसांत दोन्ही तालुक्यांत तें फिरलें. बाईंस दूरध्वनींवर दूरध्वनि येऊं लागले. लोक वाचून रडले होते. प्रकाशनाच्या दिवशीं सभागृह भरलें, भाषणें झालीं, आणि एकतीस प्रती खपल्या. उरलेल्या गोठ्याच्या खोलींत, दुधाच्या किटल्यांशेजारीं रचून ठेवाव्या लागल्या. त्या गृहस्थांस विचारलें तर त्यांचें उत्तर ठरलेलें: “मीं तर तुमची प्रसिद्धिच केली!”

त्यांच्या मनांत कपट नव्हतें ह्याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक कठीण आहे. पोथीचा लेखनिक ज्या मूर्खास भीत होता तो बहुधा असाच प्रेमळ असला पाहिजे. आमच्याकडे ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वीं उचल घेतो. उचल घेऊन टोळी आली नाहीं तर त्यास कोणी रसिक म्हणत नाहीं. उचलीची ती रीत मजुरांच्या गळ्यास फांस लावणारी आहे हें मी जाणतों, व तिची भलावण करीत नाहीं. पण अभिप्रायासाठीं घेतलेली प्रत हीही एक उचलच आहे, एवढें वाचकानें मानावें कीं नाहीं?

इतकें बोलल्यावर अधिक दोष कोणाचा, असें कोणी विचारील तर मी लेखकांकडे बोट दाखवीन. कामास ‘मदत’ म्हणण्याची संवय त्यांनींच लाविली. रात्रीं दहा वाजतां वाचकास दूरध्वनि करून ‘वाचलें का?’ असें विचारणारे लेखक मीं पाहिले आहेत. स्वतःच्या पुस्तकावर मित्राच्या नांवें स्तुति लिहिणारेही पाहिले आहेत. मुखपृष्ठ काढणाऱ्या मुलास ‘तुझें नांव होईल’ ह्याहून दुसरें कांहीं न देणारे तर घरोघर. आणि ‘सप्रेम भेट’! तीनशेंपैकीं दीडशें प्रतींवर हे दोन शब्द लिहून, सही करून, त्या स्वतःच्या भाड्यानें पोंचवून आल्यावर पुस्तक खपत नाहीं म्हणून समाजास नांवें ठेवण्यांत काय अर्थ? ज्याचें मोल लेखकच मानीत नाहीं तें पीडीएफ म्हणून पुढें ढकलतांना वाचकाचा हात कां थांबावा? भिगवणजवळ, म्हणजे इंदापूर तालुक्यांतच, कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. कागदास पैसे पडतात हें लेखकापासून वाचकापर्यंत सर्वांस निमूटपणें पटतें. कागदावर जें उतरतें तेवढेंच काय तें प्रेमाचें.

कायद्यानें ह्यांतील थोडें पूर्वींच ओळखलें होतें. १८६७ च्या कायद्यानें पुस्तकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-गांव छापणें आवश्यक केलें. त्याचा हेतु सरकारी देखरेखीचा होता हें खरें, पण जबाबदार मनुष्य कोण हें त्यामुळें वाचकासही कळे. २०२३ च्या नव्या कायद्यानें तो जुना कायदा मोडीत निघाला, आणि नव्यांत पुस्तकांचा समावेश नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें एकोणिसावें कलम मात्र आहे, आणि हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशींच द्यावा लागतो, असें तें सांगतें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरतात. हें एवढें कलम आमच्याकडील किती लेखकांनीं वाचलें असेल? सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील प्रत्येक अक्षर मात्र त्यांस तोंडपाठ असतें.

मीं आतां अर्ध्या पानाची एक चिठ्ठी केली आहे. काम कोणतें, केव्हांपर्यंत, किती पैशांत, नांव कोठें छापावयाचें, आणि अभिप्रायाची प्रत दुसऱ्यास द्यावयाची नाहीं, इतकेंच तींत असतें. पहिल्यानें कित्येकांस ती अपमानास्पद वाटली. एका जुन्या स्नेह्यांनीं सही करण्यास साफ नकार दिला आणि पुस्तक दुसरीकडे नेलें. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीनें मात्र चिठ्ठी दोनदां वाचली, नांव छापण्याच्या कलमावर बोट ठेवलें आणि विचारलें, “हें आडनांवासकट ना?”

पाटकऱ्याच्या मुलीचें दुसरें पुस्तक सध्यां इंदापुरास गुरुजींकडे आहे. ह्या वेळीं अभिप्रायासाठीं सहाच वाचक निवडले आहेत. त्यांत समूहास पुस्तक पाठविणारे गृहस्थ नाहींत, आणि चाळीस पृष्ठें कापावयास लावणारा वाचक पहिला आहे. भेटीदाखल द्यावयाच्या प्रती दहा, आणि त्यांचीं नांवें बाईनीं आधींच लिहून ठेवलीं आहेत. यादीच्या तळाशीं अकरावें नांव माझें होतें. तें त्यांनीं माझ्या देखत खोडलें आणि एका प्रतीचे पैसे आगाऊ मागून घेतले.