क्लार्कस्टनची शिकवणी

अटलांटाजवळचं क्लार्कस्टन हे छोटंसं गाव गेली काही दशकं निर्वासितांना सामावून घेत आलं आहे. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले. २००७नंतर त्यांतले एक लाखाहून अधिक लोक परदेशांत वसवले गेले, बहुतांश अमेरिकेत. काही कुटुंबं क्लार्कस्टनला आली. पुढे म्यानमार, काँगो, अफगाणिस्तानचीही मुलं आली.

या मुलांना शिकवायला परदेशी विद्यार्थीही येऊ शकतो. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साधारणपणे कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही; सेवाभावी संस्थेत विनावेतन सेवा करता येते.

असा एखादा मराठी विद्यार्थी इथे गणित शिकवायला बसतो, तेव्हा औंससारखी मापं त्यालाही तितकीच परकी असतात. तो आधी स्वतः शिकतो. नेपाळी आजीनं देवनागरीत लिहिलेलं नातवाचं नाव त्याला सहज वाचता येतं आणि घरात हसू फुटतं!

विद्यापीठात त्याला प्रयोगशाळेतली अमेरिका भेटते. इथे दिसते ती कोंबडी-प्रक्रिया कारखान्यातल्या पाळ्यांची, घरभाड्याची, शाळेची पत्रं आईवडिलांना समजावून सांगणाऱ्या लहान मुलीची. बायोडेटात ओळ वाढते, ठीकच. पण हळू, सोपं आणि न कंटाळता पुन्हा सांगण्याची सवय कितीतरी मोलाची. फक्त सत्रपरीक्षा आली म्हणून त्यानं न सांगता गायब होऊ नये. माणसं अचानक दुरावणं या मुलांनी पुष्कळ सोसलं आहे.