मुखडा एकदाच?

सीताबर्डीवर, मोदी नंबर तीनमधल्या आमच्या घरी वडिलांची एक वही आहे. भातखंड्यांच्या पद्धतीने लिहिलेली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य, मींडेला स्वरांवरून कमान. यंदा शाळेच्या संमेलनात तिच्यातली एक चीज मुलींकडून बसवून घ्यावी, असे माझ्या मनात आले. पण वाजवून दाखवायला वडील नाहीत, नि आईचा आवाज वयाने बसलेला.

भाचा म्हणाला, "मामा, लिलिपाँडमध्ये घालू." हे संगणकावरचे सॉफ्टवेअर दोघा डच गृहस्थांनी १९९६ साली आरंभले. त्यात स्वरांची चित्रे काढायची नसतात. स्वर अक्षरांनी टंकायचे नि काय हवे ते खाली लिहायचे. 'लेआउट' लिहिले की छापायला पान तयार, 'मिडी' लिहिले की आवाज. आम्ही दोन्ही लिहिले. पान विलायती, पाच रेघांचे, पण काय देखणे! मी मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस. कितीतरी वेळ नुसता पाहत बसलो.

मग आवाज लावला. स्थायी एकदा झाली, नि स्वारी थेट अंतऱ्यात! आई पलंगावरून म्हणाली, "मुखडा एकदाच? गाडी सुटतेय का याची?"

खोड अशी, की पुनरावृत्तीची खूण पानावर उमटते, पण आवाज ती आपण होऊन पाळत नाही. त्याला 'उलगडून म्हण' असे बजावावे लागते. आणि बजावले की पानही उलगडून लांबत जाते. शेवटी भाच्याने एकाच चिजेचे दोन संसार मांडले: एक छापण्याचा, एक ऐकण्याचा. लयीचेही तेच. नुसता 'मध्यलय' हा शब्द ते छापते, ऐकत मात्र नाही. त्याला आकडाच हवा. (आमच्या शाळेतही अशी मुले आहेत.)

राहिली मींड. पानावर गंधारापासून षड्जापर्यंत रेघ सुरेख उतरली होती. आवाज मात्र पायरी चुकल्यासारखा एकदम खाली. आईने डोळे मिटून दोनदा ऐकले. मग त्या बसलेल्या आवाजात तिने ती जागा घेतली. आवाज फाटला, पण मींड सबंध आली.

"कमान यांनी काढली," ती म्हणाली, "पण गळ्यातून भरायचे मीच."

मुलींना पाने दिली, आवाजही मोबाइलवर पाठवला. रविवारी दहाजणी घरी आल्या. आई भिंतीला उशी लावून बसली होती. पहिला तासभर तिने त्यांना गंधार ते षड्ज, एवढेच म्हणायला लावले.