मामा तलावातलं जंगल

सरकारी कागदांवर आमच्या भागातल्या जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी, म्हणून मामा. लहानपणी मला वाटायचं, माझा मामा तिथे मासे धरतो म्हणूनच हे नाव पडलं असणार. आईचं माहेर भद्रावतीहून गाडीनं अर्ध्या तासावर. घर ढिवरांचं, मामा गावच्या मच्छीमार सोसायटीचा सभासद. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या डोंग्यात बसून पाण्यात हात सोडला की बोटांना काहीतरी लवचिक, गिळगिळीत लागायचं. पाण्याखाली झाडी होती. आम्ही सगळेच तिला 'कचरा' म्हणायचो.

२०२१ मध्ये मी पुण्याचं ऑफिस भद्रावतीच्या घरून चालवत होतो. एका रविवारी मामाकडे गेलो, तर तो जाळं सोडवत बसलेला. "जाळं टाकलं का अर्धा दिवस कचरा काढण्यातच जाते गा," म्हणाला. मी इंजिनीअर. समोर प्रॉब्लेम दिसला की हात शिवशिवतात. रात्री चार व्हिडिओ पाहिले आणि उत्तर सापडलं: ग्रासकार्प. गवत खाणारा मासा. भारतात तो १९५९ मध्ये आणला गेला, झपाट्यानं वाढतो, वजनही चांगलं देतो. कचरा साफ आणि वर पैसे. मी एक्सेल शीट बनवली आणि सोसायटीच्या बैठकीत मोबाइलवर दाखवली. माझ्या दुप्पट वयाची माणसं माना डोलवत होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार भारी वाटलं.

पावसाळ्यात बोटुकली सोडली. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत जाळं मोकळं येऊ लागलं. मामानं फोन करून सांगितलं, "तुया मासा कामाचा निंगाला." पुढच्या वर्षी पुन्हा बोटुकली सोडली.

मग पाणी बदललं. आधी तळ दिसायचा, आता चहासारखं गढूळ. काठानं बेशरम माजली. ती ना मासा खातो ना बकरी. झिंगे कमी झाले. हिवाळ्यात तलावावर काळे वारकरी पक्षी थव्यानं उतरायचे, ते दोन-चार दिवस थांबून निघून गेले. आणि मरळ मिळेनाशी झाली. मरळीचा भाव रोहू-कतलापेक्षा कितीतरी जास्त. सोसायटीचा खर्च रोहूवर निघतो, पण मामाच्या घरचा सण मरळीवर व्हायचा. हे सगळं मला आईकडून कळलं. मामा मला एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

या गोष्टीत समुद्र कुठून आला, तर पुण्यातल्या फ्लॅटवर रात्री जेवताना लावलेल्या एका माहितीपटातून. भद्रावतीहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि केल्प तर भारताच्या कुठल्याच किनाऱ्यावर नाही. त्याला थंड पाणी लागतं. केल्प म्हणजे राक्षसी आकाराचं तपकिरी शेवाळ. दगडाला घट्ट धरून उभं राहतं, अनुकूल पाण्यात दिवसाला फूटभरसुद्धा वाढतं, आणि खालून पाहिलं तर सागवानाच्या जंगलात उभं राहून वर पाहावं तसं दिसतं. त्याच्या आधारानं मासे, खेकडे, शिंपले, सील असं आख्खं गाव नांदतं.

१९७०च्या सुमारास जेम्स एस्टिस नावाचा तरुण संशोधक अलास्काच्या अल्यूशन बेटांवर समुद्री पाणमांजरांचा अभ्यास करायला गेला. केल्पमुळे पाणमांजरं कशी जगतात, हे त्याला शोधायचं होतं. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानं त्याला सुचवलं की प्रश्न उलटा करून बघ: पाणमांजरांमुळे केल्पचं काय होतं? मग एस्टिस शेम्या बेटावर गेला. फरच्या व्यापारात तिथली पाणमांजरं मारली गेली होती. त्यानं पाण्यात डोकं घातलं, तर तळाला फक्त सी अर्चिन. साळिंदरासारखे काटे असलेले हे गोळे केल्प खातात. त्यांना खाणारी पाणमांजरं उरली नव्हती, म्हणून त्यांनी जंगल फस्त केलं होतं. १९७४ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये छापून आलं.

इथपर्यंत मला नवीन काही नव्हतं. आमच्या तालुक्यातच ताडोबाचं मोहर्ली गेट आहे. वाघ, चितळ, गवत हे गणित आमच्याकडे पाचवीतलं पोरगंही सांगतं. माझा घास अडकला तो त्या उघड्या तळाच्या दृश्यावर. तो तळ मी पाहिलेला होता. मामाच्या तलावात.

साम्य अगदी तंतोतंत नाही, हे कबूल. तिकडे शिकारी नाहीसा झाला म्हणून खाणारा माजला; इकडे खाणारा मीच एक्सेल शीटवरून आणून सोडला. पण दोन्हीकडे गेलं ते जंगल. पाण्याखालच्या त्या झाडीची मुळं गाळ धरून ठेवत होती. मरळ त्या झाडीतच घरटं करते. तिची लालसर पिल्लं थव्यानं फिरतात आणि मोठे मासे त्यांची राखण करतात. झिंगे त्यातच लपायचे, वारकरी तीच खायला यायचे. मी प्रश्न विचारला होता: कचरा कसा काढायचा? कचऱ्यामुळे काय काय जगतं, हे मामालाच विचारता आलं असतं.

नंतर शोधताना कळलं की हे काम आमच्याच बाजूला चालू आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवरांनी तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. निमगावच्या शालू कोल्हेंनी त्या कामात बायकांना जोडलं. मी अल्यूशन बेटांवरून फिरून गोंदियाला पोहोचलो.

२०२४ च्या जूनमध्ये पुन्हा सोसायटीच्या बैठकीला गेलो. या वेळी शीट नव्हती. म्हटलं, मी सांगितलं ते चुकलं, या वर्षी ग्रासकार्प सोडू नका. साचलेल्या पाण्यात त्याची वीण होत नाही, आपण सोडला नाही तर तो संपेल. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "आन् त्याचे जे पैसे येत होते ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगारातून काही रक्कम देतो म्हणालो, तर मामाच चिडला. "हे सोसायटी हाय, तुये घर नोहे." तासभर वाद झाला. शेवटी ठरलं: रोहू-कतला सोडायचे, ग्रासकार्प एक वर्ष बंद, आहेत ते काढून विकायचे. शेजारच्या गावच्या तलावातून पाणवनस्पती उपटून आणायच्या. एक वर्ष फक्त. आजोबांनी ते 'एक वर्ष' दोनदा वदवून घेतलं.

ऑगस्टमध्ये मी दोन दिवस रजा टाकून गेलो. मामी आणि आणखी पाच-सहा बायका कमरेभर पाण्यात उतरून, धानाची रोवणी करावी तशी ती झाडी चिखलात खोचत होत्या. मला जमत नव्हतं. खोचलेलं तरंगून वर यायचं. "कंप्युटर नोहे बापू, अंगठ्यानं दाब," मामी म्हणाली.

जानेवारीत मामाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जाळं, आणि त्यात गुंतलेली वीतभर हिरवी फांदी. खाली व्हॉइस नोट: "सोडवाले टाइम लागला गा."

मरळ अजून सापडलेली नाही. जूनची बैठक जवळ आली आहे, आणि आजोबांनी आईकडे दोनदा निरोप धाडलाय की इंजिनीअरला या वेळी हिशोब घेऊन यायला सांग.