स्पितीची वाट आणि परतीची वाट

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं फराळाच्या ताटांशेजारीं हिमाचल प्रदेशाचा एक मोठा नकाशा जाजमावर पसरलेला होता. थोरल्या बंधूंचा मुलगा, वय वर्षें बावीस, त्यावर तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढीत होता. रेघ मनालीपासून निघून कुंझुमच्या खिंडींतून स्पिती नदीच्या खोऱ्यांत काझा या गांवीं उतरत होती. "काका, चार दिवसांत काझा! सायकलीवरून!" असें तो म्हणाला, आणि या बेतांतली दुसरी सायकल माझी आहे हें मला त्याच क्षणीं समजलें.

आमच्या पिढीनें जिच्यावरून शाळा-कॉलेज केलें ती काळी, जड सायकल ही नव्हे. डोंगरांत चालवावयाच्या सायकलीची जात निराळी. तिचा जन्म अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत, टॅमल्पाइस पर्वताच्या परिसरांत झाला. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली मातीच्या उतारांवरून सोडीत. पायडल उलटें दाबून लागणारा त्यांचा ब्रेक इतका तापे कीं, आंतलें ग्रीस जळून जाई व फेरी संपतांच तें नव्यानें भरावें लागे. १९७६ सालीं तेथें सुरू झालेल्या शर्यतीला त्यावरूनच 'रिपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असें नांव पडलें. आजच्या सायकलीला धक्के शोषणारा चिमटा, रुंद टायर, डिस्कब्रेक आणि चढासाठीं हलके गिअर असतात. ती दगडधोंड्यांतून जाते हें खरें. परंतु चालविणाराचें फुफ्फुस मात्र जुनेंच असतें, आणि बेत आंखतांना नेमका याचाच विसर पडतो.

पाय तयार करणें सोपें होतें. दर रविवारीं पहाटें मागें बारा किलो ओझें बांधून पुण्याहून सिंहगड गांठावयाचा, हा क्रम आम्हीं धरला. पहिल्या दिवशीं मी तीन ठिकाणीं उतरून सायकल हातानें ढकलली. महाशिवरात्रीपर्यंत न उतरतां माथा गांठूं लागलों. परंतु सिंहगडाचा माथा अवघा ४,३०० फुटांचा. महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें सुमारें ५,४०० फूट. शिमला शहरच त्याहून उंच, सुमारें ७,२०० फुटांवर आहे. सह्याद्रींत पायांची परीक्षा होते, विरळ हवेची होत नाहीं.

बारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन तृतीयांश राहतो. हवेंतलें प्राणवायूचें प्रमाण तेंच, शेंकडा एकवीस. पण दाब उतरल्यामुळें प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. शरीर याला सरावतें, मात्र त्यास दिवस लागतात. उतावळेपणानें चढलें तर डोकें दुखतें, मळमळतें, अन्नावरची वासना उडते, झोंप येत नाहीं. तसेंच पुढें रेटलें तर मेंदूला सूज येते किंवा फुफ्फुसांत पाणी सांठतें, आणि प्रसंग प्राणावर बेततो. तालीम केलेल्या तरुणाला यांतून सूट नाहीं. उलट तो भराभर चढतो, म्हणून लौकर सांपडतो. यासंबंधीं डॉक्टरांचा नियम साधा आहे. दहा हजार फुटांच्या वर निजण्याची जागा एका रात्रींत सोळाशे फुटांहून अधिक उंच नेऊं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस मुक्काम करावा. दिवसां थोडें अधिक चढलें तरी चालतें. निजावें मात्र खालीं.

या नियमानें तपासतां मनालीची तांबडी रेघ पहिल्याच परीक्षेंत नापास झाली. मनाली सुमारें ६,७०० फूट, कुंझुमची खिंड सुमारें १५,००० फूट, आणि तिच्या अलीकडचा बातालचा मुक्कामच तेरा हजारांच्या आसपास! म्हणून आम्हीं नकाशा उलट्या टोंकाकडून वाचला. शिमल्याहून काझा चारशे किलोमीटरांच्या वर पडतें. मनालीच्या वाटेच्या दुपटीहून हें अंतर अधिक, पण चढ सावकाश. नारकंड्याची धार ओलांडली कीं रस्ता सतलजेच्या कांठीं रामपूरला उतरतो. तेथून प्रवाहाच्या उलट दिशेनें किन्नौरांत शिरावयाचें. कल्पा हें गांव सुमारें ९,७०० फुटांवर, समोर किन्नर-कैलासाचीं शिखरें. तेथें दोन रात्री.

पुढें खाब येथें स्पिती नदी सतलजेस मिळते, आणि येथेंच खरी मेख आहे. खाब सुमारें आठ हजार फुटांवर, तर वरचें नाको बारा हजारांवर. नाकोचा तलाव पाहून तेथेंच राहण्याचा मोह कोणासहि पडावा. आम्हीं मात्र नाकोला चहा घेऊन पलीकडे चांगोला उतरून निजावयाचें ठरविलें. त्यानंतर ताबो, सुमारें १०,७०० फुटांवर. तेथील मातीच्या भिंतींचा बौद्ध विहार इ. स. ९९६ मध्यें स्थापन झालेला; हजार वर्षांहून अधिक काळ तो उभा आहे. अशा ठिकाणीं दोन दिवस थांबावें लागणें ही शिक्षा खास नव्हे. मग काझा, आणि शरीर मानेल तर कुंझुम. हंगाम सप्टेंबरचा धरला; कारण स्पितींत पाऊस थोडा असला तरी किन्नौरची वाट पावसाळ्यांत दरडींनीं अडते, आणि ऑक्टोबरनंतर कुंझुमवर बर्फाचें भय.

जुलैंत यादी पुरी झाली. टायर एक, ट्यूबा चार, पंप, आरे, साखळीच्या कड्या, ब्रेकचीं पॅडें, लोंकरीचे कपडे, औषधें, सातूचें पीठ. ती घेऊन आम्ही दोघे वहिनींपुढें बसलों. वहिनींनीं चष्मा लावून ती दोनदां वाचली.

"भाऊजी, यांत साखळीच्या कडीपर्यंत सगळें आहे. मागें कोठून फिरायचें, तें कोठें लिहिलें आहे?"

मी निरुत्तर झालों. आणि सात वर्षें कोणासहि न सांगितलेली एक गोष्ट मला सांगावी लागली. त्या सालीं दादांबरोबर मी मोटारीनें लेहला निघालों होतों. मनाली सोडल्यावर दुसऱ्या रात्रीं सरचू येथें, चौदा हजार फुटांवर, तंबूंत निजलों. डोकें फुटत होतें. दोन वेळां ओकारी झाली. ज्यांच्यापुढें आजवर मान वर करून बोललों नाहीं, त्या दादांचा बेत माझ्यामुळें मोडावा ही कल्पना मला दुखण्याहून असह्य वाटली. त्यांनीं विचारलें तेव्हां "बरें आहे" म्हणालों. सकाळीं तंबूबाहेर पडतांना पाय लटपटून झोंक गेला, तो दादांनीं पाहिला. मोटार तत्काळ मागें वळली. केलाँगला, चार हजार फूट खालीं आल्यावर, संध्याकाळपर्यंत मी माणसांत आलों. घरीं आम्हीं दोघांनीं "रस्ता बंद होता" एवढेंच सांगितलें.

झोपाळ्यावर बसलेले दादा नुसते "हूं" म्हणाले. वहिनींनीं मुलाकडे बोट केलें. "हा अजून तुमच्यापुढें पाय पसरून बसत नाहीं. 'काका, मला होत नाहीं,' असें हा तुम्हांला म्हणेल?"

एकत्र कुटुंबांत भीड हा गुण आहे. चार भावांचा संसार एका छपराखालीं चालतो तो बऱ्याच अंशीं तिच्यावर. परंतु ज्या दुखण्याची पहिली खूण केवळ रोग्यालाच कळते, तेथें हीच भीड घात करते. म्हणून यादीखालीं आम्हीं आणखी चार ओळी लिहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ डोकें, भूक, झोंप आणि दम यांविषयीं धाकट्यानें आधीं बोलावें, मोठ्यानें मागाहून. दोन तक्रारी असतील तर त्या दिवशीं चढावयाचें नाहीं. तोल जाऊं लागला, बसल्या जागीं धाप लागली किंवा बोलण्यांत विसंगति आली, तर रात्र असली तरी उतरावयाचें. आणि "परत" हा शब्द उच्चारणारास कारण विचारावयाचें नाहीं, घरीं आल्यावरहि नाहीं.

गेल्या रविवारीं सिंहगडाच्या अर्ध्या चढावर पुतण्या एकाएकीं सायकलीवरून उतरला. "काका, आज नको. परत फिरूं." "अरे, थोडेंच राहिलें आहे," हे शब्द अगदीं माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते गिळून मी सायकल वळविली. खालीं दहींवाल्या बाईंनीं "आज लौकर?" म्हणून विचारलें. आम्ही दोघेहि हंसलों.

येत्या पंधरवड्यांत आम्ही निघूं. काझ्याजवळ हिक्किम येथें चौदा हजार फुटांच्या वर टपालकचेरी आहे. तेथून पत्र टाकीन, असें पुतण्यानें आईस कबूल केलें आहे. वहिनींनीं त्याच्या पिशवींत चार कार्डें ठेवलीं आणि म्हणाल्या, "नाकोहून परत फिरलास, तर शिमल्याच्या स्टेशनावरून टाक. तेंहि पोंचेल."