चॅनल नंबर एक

देवळातल्या सप्ताहाला साउंड बघणारा माणूस नेहमी खांबाआड बसलेला असतो. स्पीकरमधून शिट्टी वाजली की सगळा सभामंडप वळून त्याच्याकडे बघतो, एरवी त्याला कोणी विचारत नाही. गेली काही वर्षं अंत्रुज महालातल्या आमच्या देवळात ती खांबाआडची जागा माझी आहे. पेशाने मी साउंडवाला नव्हे. भजनाचं वेड आणि थोडी उचापत करण्याची खोड, एवढंच माझं भांडवल.

२०२२ च्या श्रावणात आम्ही पहिल्यांदा भाड्याने डिजिटल मिक्सर आणला, बेहरिंजरचा एक्स-३२. त्याच्या पाठीमागे यूएसबी कार्ड असतं. एका केबलीवरून ३२ चॅनल लॅपटॉपात जातात आणि ३२ परत येतात. म्हणजे बुवांचा आवाज, हार्मोनियम, पखवाज, झांजा, मागचा कोरस, सगळं एकाच वेळी पण वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवून घेता येतं. लॅपटॉपवर रीपर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, बारा माईक लावले आणि बसलो.

आमच्या मंडळाचे बुवा, ज्यांना सगळा गाव काका म्हणायचा, तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होते. ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "तुजो डबो कितें करता रे?"

म्हटलं, "काका, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा धरून ठेवतो."

ते हसले. "वेगवेगळो? मागीर ताका भजन कशें म्हणप?"

मीही हसलो आणि कामाला लागलो. त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची तेव्हा गरज वाटली नाही.

ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण मला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, रेकॉर्डिंग कुठून उचलायचं ती जागा. मिक्सरच्या राउटिंगमध्ये आपण माईकचे इनपुट सरळ कार्डाकडे पाठवतो. त्यामुळे गेनचं बटण जेवढं फिरवाल तेवढाच आवाज कायमचा नोंदला जातो. फेडर वर-खाली केला, इक्वलायझर बदलला, तरी रेकॉर्डिंगला त्याचा पत्ता नसतो. साहजिकच गेन आधीच नीट बसवायला हवा. २४ बिटांमध्ये जागा भरपूर असते, म्हणून आवाज सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवावा. झांजा तापल्या की तो उसळतोच. एकदा का लाल दिवा लागला की तो फाटलेला आवाज कुठलंही प्लगइन शिवून देत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांनी बारा ट्रॅक म्हणजे तासाला साधारण सव्वासहा जीबी. चोवीस तासांचा सप्ताह असेल तर दीडशे जीबी झाले. डिस्क आधी रिकामी करून ठेवा. मी ठेवली नव्हती. पहाटेच्या भैरवीच्या वेळी लॅपटॉपने हात वर केले.

प्लगइनची हौस मी त्याच रात्री भागवून घेतली होती. मिक्सरमधून काकांचा आवाज लॅपटॉपात न्यायचा, तिथे त्याला चांगला रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसर लावायचा आणि परत मिक्सरमध्ये आणून स्पीकरला द्यायचा. कानांना वाटलं होतं छान होईल. झालं असं की काका डब्यात तोंड घालून गातायत असा आवाज यायला लागला. कारण कळायला मला अर्धा तास लागला. मिक्सर स्वतः एक मिलिसेकंदही घेत नाही, पण लॅपटॉपातून जाऊन येण्यात माझे जवळजवळ दहा मिलिसेकंद जात होते. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेत साडेतीन मीटर जातो. काका आणि पेटीवाले मांडीला मांडी लावून बसलेले, त्यामुळे काकांचा आवाज पेटीच्या माईकमध्येही जातच होता. तो वेळेवर पोचायचा आणि प्लगइनमधून आलेला त्याच्या मागून. दोन्ही एकमेकांवर आपटून आवाज पोकळ होत होता. शेवटी प्लगइन काढून टाकलं आणि मिक्सरमधलाच रिव्हर्ब लावला.

एका माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरण्याला साउंडवाले ब्लीड म्हणतात आणि त्याच्या नावाने बोटं मोडतात. मीही मोडली. नंतर घरी बसून महिनाभर मी ते ट्रॅक धूत होतो. काकांच्या ट्रॅकवर गेट लावला, तर पखवाज थांबला पण काकांचा श्वासही कापला गेला, आणि ओळ संपताना ते जो आवाज हळूच सोडून द्यायचे, तोही गेला. ट्रॅक स्वच्छ झाला आणि काका मात्र परके वाटायला लागले. गेट काढला.

आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती जुन्या काळची ध्वनिमुद्रिका. त्यात गळा, साथ, खोली, सगळं एकाच रेषेत गोठलेलं आहे. कोणाला तिथे जाऊन साथ म्यूट करता येणार नाही. मला ती सोय होती आणि ती वापरावीशी वाटत होती, एवढाच फरक.

पुढच्या वैशाखात काका गेले.

२०२३ ला अधिक श्रावण आला, त्यामुळे सप्ताह महिनाभर लांबला. आदल्या दुपारी मी एकटाच सभामंडपात होतो. मल्टिट्रॅकचा एक मोठा फायदा म्हणजे मंडळी यायच्या आधीच जुनं रेकॉर्डिंग लॅपटॉपातून उलट मिक्सरमध्ये सोडून साउंड बसवता येतो. मिक्सरला वाटतं माणसंच गातायत. मी यंत्राच्या नादात प्लेचं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून काका गायला लागले.

हार गुंफत बसलेल्या बायकांचे हात थांबले. भटजी गाभाऱ्यातून बाहेर आले. मी घाईने बंद करायला गेलो, तेवढ्यात काकांचा शिष्य आत आला. त्या वर्षीपासून बुवांच्या जागेवर त्याला बसायचं होतं. तो थोडा वेळ उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, फक्त त्यांचा चॅनल बंद कर. मी म्हणून बघतो."

मी चॅनल नंबर एक म्यूट केला. पोरगा माईकसमोर बसला आणि गायला लागला. दोन ओळी झाल्या आणि तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बंद करूंक ना?"

बंद केला होता. पण पेटीच्या माईकमधून, पखवाजाच्या माईकमधून, कोरसमधून काका बारीक ऐकू येतच होते. पूर्ण काढायचे तर पेटी काढायला हवी होती, पखवाज काढायला हवा होता, मग राहिलं काय असतं? मी त्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आसूं दी." आणि उरलेला अभंग त्याने त्या बारीक आवाजाबरोबर पुरा केला. काका पांढरी एकमध्ये गायचे, त्याला ती पट्टी खाली पडत होती, तरी त्याने सोडली नाही.

रात्री मात्र त्याने आपली काळी दोन घेतली आणि तेच बरं झालं. आवाज मोकळा लागला. पेटीवाल्यांनी पहिल्या ओळीला कुरकुर केली, तिसऱ्या ओळीला मान डोलावली.

ते सगळं मी बारा ट्रॅकवर उतरवून घेतलंय. या खेपेला डिस्क रिकामी ठेवली होती. ट्रॅक धुवायला मात्र अजून घेतलेले नाहीत, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यामुळे घेईन असंही वाटत नाही. असो. सप्ताहाला या, खांबाआड मी असतोच.