बारीक करा

आमच्या पिढीच्या डोक्यावरचे केस एकाच वाक्यावर कापले गेले: ‘बारीक करा.’ ते वाक्य आमचं नसायचं. खुर्चीमागे उभे राहून बाबा ते म्हणायचे, आजोबा सोबत असले तर आजोबा म्हणायचे. दोघांनाही सवड नसली तर निघतानाच आई बजावायची, ‘बारीक करायला सांगितलंय म्हणून सांग.’ त्यामागे घरखर्चाचा साधा हिशेब होता. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. चांगले बारीक केले की पुढची हजामत दीड महिन्यावर जाते. तीन मुलगे असलेल्या घरात त्यातून एखाद्याच्या वर्षभराच्या वह्या सुटायच्या.

बडोद्याच्या मकरपुऱ्याला तेव्हा दोन तऱ्हेची मराठी घरं होती. जीआयडीसीच्या कारखान्यांमागे खानदेशातून, कोकणातून, साताऱ्याकडून आलेली, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या वाड्यांत जागा पुरेना म्हणून इकडे सरकलेली गायकवाडी काळातली. या दुसऱ्या घरांतल्या आजोबांचा न्हावी त्यांच्या मागोमाग सायकलवरून शहरातून इथवर यायचा. खांद्याला धोकटी. ती उघडली की आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. वस्तरा, दोन कात्र्या, हाताचं मशीन, धार लावायचा चामड्याचा पट्टा, नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, पाण्याची पितळी वाटी, आणि फडक्यात गुंडाळलेला, कोपऱ्यात पारा उडालेला आरसा. ओट्यावर पाट मांडला जायचा. आजोबा डोकं त्याच्या हवाली करून गप्पा सुरू करायचे. कोणाकडे मुंज ठरली, कोणाचं जावळ काढायला मामा आला, कोण चांदोदला नर्मदेवर जाऊन क्षौर करून आला. सगळी बातमी पाटावर बसल्या बसल्या.

जिवा महालाची गोष्ट आम्ही त्या ओट्यावरच ऐकली. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा, आणि पुढच्याच वर्षी पन्हाळ्याहून निघताना महाराजांच्या वेषात पालखीत बसलेला शिवा काशीद, दोघेही नाभिक. आजोबा हे मान ताठ ठेवून सांगायचे, कारण गळ्याशी वस्तरा असायचा.

हजामत चालू असेस्तोवर आजी मात्र ओट्यावर फिरकत नसे. तिच्या माहेरी एका आत्याचं केशवपन झालं होतं. ती आत्या, तिचं लाल आलवण आणि दाराआड बसून मुकाट्याने पुढे केलेलं डोकं, एवढंच आजीने एकदा सांगितलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, हे आम्ही फार पुढे वाचलं. त्या कामाचे पैसे सोडून देणाऱ्या माणसांविषयी आम्हाला आजही फार आदर वाटतो.

आमच्या वाट्याला दुकान आलं. डेपोच्या बाजूला पत्र्याच्या छपराचं. खुर्च्या दोन, बाकडं एक. लहान मुलासाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकत. तिच्यावर चढून बसायचं, मानेभोवती कापड करकचून बांधलं जायचं, आणि मानेवर ते गार मशीन टेकलं की अंग शहारायचं. ‘बेटा, माथुं हलावीश नहीं!’ दुकानवाल्या काकांचा डावा तळवा टाळूवर घट्ट बसे. मशीनच्या दात्यांत केस अडकला की डोळ्यांत पाणी यायचं. रडायची मात्र सोय नव्हती, बाकड्यावर वर्गातली पोरं बसलेली असत.

रविवारची सकाळ त्यात जायची. जायचीच. नंबर लागेपर्यंत बाकड्यावर विविध भारती, ‘संदेश’ची पानं, आणि भिंतीवर कानांवर केस असलेला अमिताभ. तसे केस आपले कधी होणार, हे मनात. विमानदलाचे जवान आले की त्यांचा कट आम्ही टक लावून बघायचो. खंडेरावमहाराजांनी १८७० च्या सुमारास बांधलेल्या मकरपुरा पॅलेसात विमानदलाचं ठाणं, त्यामुळे तो ‘मिलिटरी कट’ आमच्या बाबांचाही लाडका. नव्याने आलेल्या कितीतरी काकालोकांना गुजराती वाचता यायला लागलं ते याच बाकड्यावर. आधी सिनेमाच्या जाहिराती, मग मथळे, मग आतलं पान. पाळीवरून परस्पर आलेला माणूस तिथेच भिंतीला टेकून झोपायचा. नंबर आला की शेजारचा उठवायचा.

वार पाळावे लागत. सोमवार नाही, शनिवार नाही, अमावास्येला नाही, एकादशीला नाही, जन्मवारी तर नाहीच. घरी आलं की मागच्या दाराने. ‘शिवू नकोस कशाला!’ कपडे मोरीत, डोक्यावर तांब्या, मगच चहा.

आणि पैसे? मोठ्यांचे दोन रुपये, पोरांचा एक, तोही घासाघीस करून. दिवाळीला बोणी म्हणून वर काही, घरात कार्य असलं तर नारळ, तांदूळ, धोतरजोडी. बलुत्याची सवय शहरात आली तरी सुटली नव्हती. त्या दोन रुपयांत काकांचा वेळ कुठेच धरलेला नसे. सकाळी सातपासून ते उभे असत. संध्याकाळी पायांच्या शिरा तटतटलेल्या आम्ही पाहिल्यात. पुढे दर हजामतीला नवं ब्लेड मोडून वस्तऱ्यात घालायची पद्धत आली, तेव्हा दर आठ आण्यांनी वाढला आणि गल्लीत आठवडाभर कुरकुर चालली. तो दर वाढायलाच हवा होता, चांगला दुप्पट.

आता मांजलपूरला एसी सलून आहेत. नातू फोनवर वेळ ठरवून जातो, वीस मिनिटांत मोकळा होतो. कित्येक शेकड्यांचं बिल, त्यावर जीएसटी. तो अठरा टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरात पाच झाला. कारागिराला दाम मिळतो याचा आम्हाला आनंदच आहे. पण परवा नातवाला विचारलं, कापतो त्याचं नाव काय रे? तो म्हणाला, दर वेळी वेगळा असतो. डेपोजवळच्या काकांना आमच्या तीन पिढ्यांचे भोवरे पाठ होते. कोणाचा उजवीकडे, कोणाचे दोन, कोणाच्या कानामागे लहानपणी पडल्याची खोक. ‘बारीक करा’ म्हटलं तरी त्या खोकेवर ते दोन बोटं केस ठेवायचे, न सांगता.